मनुष्यबळ: माणसं मोजायची की बळ?

प्रश्न तीन आहेत. ‘मनुष्यबळ’ म्हणजे कर्मचारी का? ‘या कामाला दहा मनुष्यबळ लागेल’ असं लिहिलेलं चालेल का? आणि या शब्दाऐवजी एखादा साधा मराठी शब्द नाही का?

आधी मधला प्रश्न घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात. ‘दहा मनुष्यबळ’ चालणार नाही. ‘दहा माणसं लागतील’ म्हणा, नाहीतर ‘दहा जणांचं मनुष्यबळ लागेल’ म्हणा. मनुष्यबळ हा समूहवाचक शब्द आहे आणि तो एकवचनातच शोभतो. ते अपुरं असतं, तोकडं पडतं, वाढवून मागतात; पण एक, दोन, तीन असं ते मोजता येत नाही. ‘आज दोन मनुष्यबळ गैरहजर’ अशी नोंद वाचली की मला खरंच वाईट वाटतं. गैरहजर असतात ती माणसं. त्यांना नावं असतात, त्यांच्या घरी काहीतरी अडलेलं असतं. लिंगाचंही तसंच: समासातलं शेवटचं पद ‘बळ’ नपुंसकलिंगी, म्हणून अख्खा शब्द नपुंसकलिंगी. ‘मनुष्यबळ कमी पडला’ हे चूक, ‘कमी पडलं’ हे बरोबर. शब्द जोडूनच लिहायचा, ‘मनुष्य बळ’ असा तोडून नाही.

आता अर्थ. ‘मनुष्याचे बळ’ असा सरळ विग्रह केला तर दंडातली ताकद डोळ्यांपुढे येते, आणि इथे ती अभिप्रेत नाही. माणसांच्या रूपाने हाताशी असलेलं बळ, असा तो घ्यावा लागतो. ‘धनबळ’ म्हणजे धनाच्या रूपातलं बळ, तसंच. संस्कृतात ‘बल’चा एक अर्थच सैन्य असा आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ मिळून चतुरंग बल. ‘राज्य राखीव पोलीस बल’ या नावात तो अर्थ अजून नांदतो आहे. ‘संख्याबळ’ मात्र वेगळं. विधानसभेच्या 288 जागांत बहुमतासाठी 145 हे संख्याबळ लागतं, असं आपण बिनदिक्कत म्हणतो, कारण तिथे आकडा हेच बळ आहे. मनुष्यबळात आकडा असतो, पण त्याच्यासोबत कौशल्य असतं, वेळ असतो, आणि मुख्य म्हणजे समोर काम असतं. कामाशिवाय हा शब्द अधांतरी राहतो. जत्रेतल्या गर्दीला कोणी मनुष्यबळ म्हणत नाही. तीच माणसं बंधारा फुटल्यावर मातीच्या गोण्या टाकायला धावली, की लगेच म्हणता येतं.

म्हणूनच कर्मचारी आणि मनुष्यबळ हे समानार्थी नाहीत. कर्मचारी हा नोकरीचा संबंध सांगतो: कोणाच्या तरी हजेरीपटावर नाव आहे. मनुष्यबळात कंत्राटी माणसं येतात, स्वयंसेवक येतात, रोजंदारीवरचे मजूर येतात. सरकारी कागदात तर आणखी एक पदर आहे. कुठल्या कार्यालयात कोणती पदं किती, हे ठरवून देतो त्याला ‘आकृतिबंध’ म्हणतात. आकृतिबंधात पद मंजूर असतं, पण ते रिक्त असेल तर त्या खुर्चीत मनुष्यबळ शून्य. ‘मंजूर मनुष्यबळ’ असं लिहिणारे या दोन गोष्टींची गल्लत करतात. मंजूर होतात ती पदं, आणि हजर असतं ते मनुष्यबळ.

शब्दाचा अर्थ एकदा बराच ताणलाही गेला. 1985 मध्ये केंद्रात नवं मंत्रालय झालं. हिंदीने त्याला ‘मानव संसाधन विकास’ म्हटलं, मराठी वृत्तपत्रांनी ‘मनुष्यबळ विकास’. 2020 मध्ये ते शिक्षण मंत्रालय झालं, पण मधल्या काळात पहिलीतलं पोरसुद्धा या शब्दाच्या छत्राखाली आलं. ‘हाताशी असलेली माणसं’ हा अर्थ ‘पुढे उपयोगी पडतील अशी माणसं’ इथवर पसरला. खासगी कंपन्यांतला ‘मनुष्यबळ विभाग’ही त्याच वळणाचा. मला ‘संसाधन’पेक्षा ‘मनुष्यबळ’ केव्हाही बरं वाटतं. माणसाला खनिजाच्या रांगेत बसवलेलं पाहवत नाही.

राहिला साध्या शब्दाचा प्रश्न. तंतोतंत असा एक शब्द नाही, पण प्रत्येक प्रसंगासाठी मराठीकडे वेगळा शब्द आहे, आणि ही श्रीमंती आपण वापरत नाही याची खंत वाटते. गडाच्या रक्षणासाठी ठेवलेली माणसं म्हणजे शिबंदी. अडचणीत मागाहून येते ती कुमक. सरंजामासकट निघतो तो फौजफाटा. वर्षाच्या बोलीवर शेतात राहतो तो सालगडी. बांधकामावर हाताखाली राबतो तो बिगारी. फारसीत ‘बेगार’ म्हणजे बिनमोबदल्याचं, सक्तीचं काम, आणि आज बिगारी मात्र दिवसाची मजुरी ठरवून घेतो. मूळ अर्थ ‘वेठबिगार’मध्ये तेवढा शिल्लक आहे.

त्यातही माझे आवडते दोन शब्द म्हणजे सावड आणि इर्जिक. सावडीत आज मी तुमच्या शेतात राबतो, उद्या तुम्ही माझ्या. पैशाची देवघेव नाही, श्रमाची परतफेड श्रमाने. इर्जिकीत एकाच्या नांगरटीसाठी बाकीचे आपापले बैल आणि गडी घेऊन येतात आणि त्या दिवशीचं जेवण त्या शेतकऱ्याकडे. मनुष्यबळ उभं करण्याची पूर्ण रीत या शब्दांत आहे: कोण येणार, कशाच्या बदल्यात, किती काळ. ‘मनुष्यबळ’ यातलं काहीच सांगत नाही.

तेव्हा अहवालात, नियोजनात, अंदाजपत्रकात हा शब्द खुशाल वापरा. ‘कुशल मनुष्यबळाचा तुटवडा’ याला दुसरा सुटसुटीत पर्याय नाही. समोर माणूस दिसत असेल तिथे मात्र माणूसच लिहा. ‘मनुष्यबळाअभावी खिडकी क्रमांक 3 बंद’ या पाटीपेक्षा ‘माणूस नसल्यामुळे खिडकी 3 बंद, कृपया खिडकी 2 वर जावे’ ही पाटी रांगेतल्या आजोबांना जास्त लवकर कळेल.