नारकोंडमचं ‘नरककुंड’ नक्की कुठलं?

प्रश्न असा आलाय की अंदमानातल्या नारकोंडम बेटाला सुप्त ज्वालामुखी म्हणायचं की मृत, आणि हे नाव आलं कुठून. पहिल्याचं उत्तर सोपंय, सुप्त. म्हणजे झोपलाय, पण परत उठणारच नाही अशी हमी कोणी देत नाही. मृत म्हणजे विषयच संपला. लोक हे दोन्ही शब्द खुशाल एकमेकांच्या जागी वापरतात, आणि परीक्षेच्या नोट्समध्ये तर नारकोंडमलाच ‘भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी’ करून टाकलेलं दिसतं तेव्हा डोकंच फिरतं. जागृत आहे तो बॅरन बेटाचा ज्वालामुखी, तिथून नैऋत्येला साधारण १४० किलोमीटरवर. १७८७ चा उद्रेक त्याचा, १९९१ पासून अधूनमधून धुमसतोय तोही तोच.

आता खरी मजा. नारकोंडम म्हणजे ‘नरककुंडम्’, हे ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशवाल्या हेन्री यूलने सुचवलं. उच्चाराचं म्हणाल तर तुंडचं तोंड झालं, शुंडाची सोंड झाली, मग कुंडचं कोंड व्हायला काय हरकत आहे? पण यूलसाहेब पुढे म्हणतात की जुन्या हिंदू खलाशांच्या काळात हा ज्वालामुखी पेटता असेल आणि कोणाला तरी त्यात नरकाचं तोंड दिसलं असेल. इथे मला ते अजिबात पटत नाहीत. नारकोंडम म्हणजे ७१० मीटर उंच, जंगलाने झाकलेला सुळका, माथ्यावर धड विवरसुद्धा नाही, त्यात कुंड कुठून आणायचं? जिऑलॉजिकल सर्व्हेचा मॅलेट दोन्ही बेटं पाहून आला आणि त्याने सरळ सांगितलं की हे नाव बॅरनलाच शोभतं, दोघांच्या नावांचा घोळ झाला असणार. बॅरनला चहूबाजूंनी उभ्या कड्यांची भिंत, मधे धूर ओकणारा शंकूसारखा डोंगर, फक्त पश्चिमेला भिंत फुटून समुद्राकडे वाट. त्या फटीतून आत बघणाऱ्याला होमकुंडच दिसणार, दुसरं काय! आणि गंमत म्हणजे पोर्तुगीज बॅरनला ‘इल्या आल्ता’, म्हणजे उंच बेट, म्हणत अशी जुनी नोंद आहे, आता बॅरन उंचीला नारकोंडमच्या जेमतेम निम्मा, म्हणजे ते नावही उलट्याच बेटाला चिकटलं. एवढा पुरावा असूनही कोशवाले यूलचंच उतरवून काढतात.

मॅलेट नारकोंडमला हजारो वर्षांपूर्वी मेलेला म्हणाला ते सोडा, तिथे मी त्याच्या बाजूने नाही. भूकवचाचा एक तुकडा, इंडियन प्लेट, शेजारच्या बर्मा प्लेटखाली सरकतेय त्यातूनच ही दोन्ही बेटं वर आली, आणि ते सरकणं काही थांबलेलं नाही. फरक लाव्ह्याचा, बॅरनचा मुख्यतः बेसॉल्ट, पातळ, नारकोंडमचा अँडेसाइट-डेसाइट, चिकट, म्हणून तो लांब न पसरता जागीच असा उभा चढत गेला.

काही हौशी मंडळी ‘नर + कोंडणे’ अशीही फोड करतात, का तर बेटावर धनेश (हॉर्नबिल) पक्षी आहे आणि धनेश ढोलीत कोंडून घेतो. अहो, कोंडून घेते ती मादी! नर बाहेर फळं गोळा करत हिंडतो. हा नारकोंडम धनेश जगात फक्त त्या सातेक चौरस किलोमीटरवर सापडतो, पक्षीतज्ज्ञ ह्यूमने त्याचं वर्णन केलं १८७३ मध्ये, बेटाचं नाव त्याच्या कितीतरी आधीचं. पक्ष्याला बेटाचं नाव मिळालंय, बेटाला पक्ष्याचं नाही.

आणि कृपा करून ‘नार्कोडॅम’ लिहू नका, तिथे धरण नाहीये.