निवडुंग बियांपासून लावायचाय

प्रश्न : कॅक्टसचं बी पहिल्यांदाच पेरलं होतं, उगवलं पण छान, हिरवे ठिपके दिसायला लागले आणि मग एकेक करून सगळे पाणचट होऊन आडवे पडले. पाणी जास्त झालं का?

उत्तर : नुसतं पाणी नाही, बुरशी. कॅक्टस म्हणजे कोरडं हवं हे मोठ्या झाडाचं खरंय, पण बी रुजायला ओलच लागते आणि त्याच ओलीत बुरशी माजते, म्हणून माती आधी वाफवून पूर्ण गार करून घ्या. माती पण साधी नको, निम्म्याहून जास्त जाड वाळू नाहीतर परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे) हवं. बी मातीवर नुसतं भुरभुरवा, बारीक बियांना उजेड लागतो, त्यामुळे पुरू नका. कुंडी पाण्यात ठेवून खालून भिजवा, वर प्लास्टिक लावा, २० ते ३० अंश तापमान आणि भरपूर उजेड, पण थेट ऊन अजिबात नको! बऱ्याच जाती १ ते ३ आठवड्यांत उगवतात. रोपं हिरव्या मण्यांसारखी फुगली, मधून इवलेसे काटे डोकावले की प्लास्टिक हळूहळू उघडत जा, एकदम काढलं तर सुकतात. रोपं लालसर झाली तर उजेड जास्त होतोय. आणि वेगळ्या कुंडीत लावायची घाई नको, वर्षभर दाटीत राहू देत.