घरी हरणारे, परगावी जिंकणारे

तुमचा प्रश्न असा आहे: आइस हॉकीतल्या एखाद्या व्यावसायिक संघाचा अविस्मरणीय हंगाम कोणता, आणि ज्याला या खेळातलं काही कळत नाही त्यालाही समजेल असा सांगा.

माझं उत्तर अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराचा संघ, सेंट लुईस ब्लूज, हंगाम २०१८-१९. आणि हे सांगायला मी लायक आहे, कारण तो हंगाम सुरू झाला तेव्हा मलाही काही कळत नव्हतं. सेंट लुईसमध्ये राहून चार वर्षं झाली होती, पण आमच्या घरी टीव्हीवर क्रिकेट आणि मालिका एवढंच चालायचं.

१९ नोव्हेंबर २०१८, सोमवार. क्लायंटच्या ऑफिसातून चार तिकिटं फुकट मिळाली. लॉस एंजेलिस किंग्ज विरुद्ध ब्लूज. सोमवारची तिकिटं कुणी फुकट वाटतोय म्हणजे संघाचं काय चाललंय ते ओळखायला हवं होतं. बाबा दिवाळी उरकून आठवड्यापूर्वीच सांगलीहून आले होते, जेटलॅग उतरला नव्हता. कानटोपी घालून ते खुर्चीत बसले आणि बर्फाचा गार वारा तोंडावर येत असतानाही मधूनमधून डुलक्या घेत राहिले. खेळाडू बाजूच्या फळीवर आदळला की धाडकन आवाज व्हायचा, बाबा दचकून जागे व्हायचे आणि विचारायचे, "पडला का कोण?" ब्लूज ०-२ हरले. लोकांनी शिट्ट्या घालून संघाला बर्फावरून आत पाठवलं. त्याच रात्री प्रशिक्षक माइक यो यांना काढून टाकलं. १९ सामन्यांत ७ विजय.

सकाळी मी ही बातमी सांगितली तेव्हा बाबा चहाचा कप हातात धरून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपण बघायला गेलो आणि एका माणसाची नोकरी गेली." तेव्हापासून या संघाशी त्यांचं काहीतरी नातं जडलं.

बाबा तरुणपणी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेले. त्यामुळे हॉकी त्यांनी कबड्डीच्याच अंगाने समजून घेतली, आणि मला ती त्यांच्याकडून कळली. बर्फावर एका बाजूचे सहाजण, त्यातला एक गोलरक्षक. वीस मिनिटांचे तीन भाग. खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट जीव तोडून पळतो आणि धापा टाकत बाकावर परत येतो, खेळ चालू असतानाच दुसरा उडी मारून आत जातो. दांडगाई केली की दोन मिनिटं काचेच्या खोलीत बसायचं. त्या खोलीला बाबांनी "कोंडवाडा" नाव दिलं, आणि आमच्या घरात आजही तेच चालतं. चेंडूच्या जागी काळी रबरी चकती असते, तिला पक म्हणतात. ती पहिले दोन महिने दिसतच नाही. नंतर कळतं की पककडे नाही, माणसांच्या खांद्यांकडे बघायचं.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या शहराचं दुखणं कळणार नाही. ब्लूज १९६७ साली एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य आइस हॉकी लीगमध्ये आले. पहिली तिन्ही वर्षं, म्हणजे १९६८, १९६९ आणि १९७० साली, ते स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत पोचले आणि तिन्ही वेळा ०-४ असे साफ हरले. म्हणजे आधी चार सामने जिंकेल तो विजेता, आणि यांनी एकही जिंकला नाही. शेवटचा पराभव बॉस्टनकडून. त्यात बॉस्टनच्या बॉबी ऑरने जादा वेळेत गोल मारला आणि तो हवेत आडवा झाला, त्या क्षणाचा फोटो हॉकीतला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध फोटो आहे. म्हणजे जगाला आनंद देणाऱ्या त्या फोटोत हरलेला संघ आमचा. त्यानंतर ४९ वर्षं अंतिम फेरीचं तोंड दिसलं नाही. त्यात २०१६च्या जानेवारीत शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, रॅम्स, गाशा गुंडाळून लॉस एंजेलिसला निघून गेला. आमचे शेजारी साठीचे, ते रॅम्सचं नावसुद्धा घेत नाहीत. "ते गेलेले" एवढंच म्हणतात.

योंच्या जागी हंगामी म्हणून क्रेग बेरुबे आले. त्यांनी आल्या आल्या जादू केली असं काही नाही. १० डिसेंबरला सरावात रॉबर्ट बोर्टुझो आणि झॅक सॅनफर्ड या आपल्याच दोन खेळाडूंची मारामारी झाली, हातमोजे फेकून, गुद्दागुद्दी. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. या सॅनफर्डचे वडील हंगाम सुरू होण्याआधी, सप्टेंबरमध्येच वारले होते. बाबांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, "पोरगं दुःखात आहे, त्याला कोणीतरी आवरायला पाहिजे होतं."

३ जानेवारी २०१९च्या सकाळी लीगमध्ये ३१ संघ होते आणि ब्लूज ३१वे होते. ३७ सामन्यांत ३४ गुण. त्याच सुमारास ब्लूजच्या एका चाहत्याने लास वेगासला गेल्यावर २५० ला १ या भावाने ४०० डॉलर आपल्या संघावर लावले. त्याचे पुढे १ लाख डॉलर झाले. मला विचारलं असतं तर मी त्याला ४०० डॉलरचं चांगलं जेवण करायला सांगितलं असतं.

मग ७ जानेवारीला फिलाडेल्फियात जॉर्डन बिनिंग्टन नावाच्या २५ वर्षांच्या गोलरक्षकाला पहिल्यांदा सुरुवातीपासून उभं केलं. ब्लूजने त्याला २०११ साली निवडला होता आणि तेव्हापासून बहुतेक काळ तो खालच्या लीगमध्येच होता. आदल्या वर्षी तर ब्लूजकडे त्याला ठेवायला जागा नव्हती म्हणून त्याला प्रॉव्हिडन्सला पाठवलं होतं, म्हणजे बॉस्टनच्या दुय्यम संघाकडे. आपलं पोरगं दुसऱ्याच्या घरी शिकायला ठेवावं तसं. त्या रात्री त्याने एकही गोल होऊ दिला नाही, ३-० ने जिंकले. पुढे पत्रकारांनी त्याला विचारलं, दडपण येतं का? त्याने उलट विचारलं, मी घाबरलेला दिसतोय का? चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. हे वाक्य नंतर शहरभर टीशर्टांवर छापलं गेलं.

त्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पाच खेळाडू साउथ फिलाडेल्फियातल्या एका खासगी क्लबात फुटबॉलचा सामना बघत बसले होते. जाहिराती लागल्या की तिथला डीजे लॉरा ब्रॅनिगनचं १९८२चं 'ग्लोरिया' लावायचा आणि सगळा क्लब उभा राहून नाचायचा. या पाचजणांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक विजयानंतर ब्लूजच्या ड्रेसिंग रूममध्ये तेच गाणं. मग मैदानात, मग सुपरमार्केटात, मग आमच्या पोराच्या शाळेच्या बसमध्ये. एका स्थानिक रेडिओ स्टेशनने तर एकदा चोवीस तास तेवढं एकच गाणं लावलं. मी गाडीत तासभर ऐकलं आणि बंद केलं. आवडीलाही मर्यादा असते.

पुढचं भराभर सांगतो. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत सलग ११ विजय, ब्लूजच्या इतिहासात सर्वाधिक. ८२ सामन्यांअखेर ९९ गुण, गटात तिसरा क्रमांक.

खरी गंमत बाद फेरीत आहे, आणि ज्यासाठी हा हंगाम मी निवडला ती गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. सगळे म्हणतात, तळाचा संघ वर आला. ते खरंच आहे. पण बाद फेरीत हा संघ स्वतःच्या मैदानावर १३ पैकी ७ सामने हरला, आणि परगावी १३ पैकी १० जिंकला. घरात वाघ आणि बाहेर शेळी असं आपण म्हणतो, यांचं नेमकं उलटं होतं. तिकीट काढून गेलेल्या माणसाने बहुतेक वेळा पराभवच पाहिला.

पहिल्या फेरीत विनिपेगविरुद्धच्या पहिल्या पाच सामन्यांत पाहुणा संघच जिंकत होता. पाचवा विनिपेगला होता. ०-२ असे मागे पडलो तेव्हा बाबा उठले, "झालं, झोपा आता." तिसऱ्या भागात तीन गोल झाले, शेवटचा जेडन श्वार्ट्झने १५ सेकंद उरलेले असताना मारला. बाबा मोरीतून दात घासता घासता बाहेर आले, तोंडात फेस. मेच्या सुरुवातीला त्यांना सांगलीला परतायचं होतं, आणि खरं सांगतो, तिकीट पुढे ढकलता येईल का हे त्यांनी दोनदा विचारलं. नाही आलं.

त्यामुळे पुढच्या फेरीतला डॅलसविरुद्धचा सातवा सामना त्यांचा हुकला. ७ मेचा, घरच्या मैदानावरचा, दुसऱ्या जादा भागात गेलेला. समोर गोलरक्षक बेन बिशप, तोही सेंट लुईसमध्येच वाढलेला, त्याने ५२ फटके अडवले. आणि शेवटी गोल मारला तो पॅट मरूनने, याच शहरातला मुलगा, घरच्यांजवळ राहता यावं म्हणून इथे खेळायला आलेला. शेजाऱ्यांच्या घरातून जो आवाज आला तो मी आधी अपघात समजलो.

त्यापुढच्या फेरीत सॅन होजेविरुद्ध तिसऱ्या सामन्यात, पुन्हा घरी, प्रतिस्पर्ध्याने पक चक्क हाताने ढकलला आणि त्यावर जादा वेळेतला विजयी गोल झाला. पंचांना दिसलं नाही. शहर पेटलं होतं. बेरुबेंनी मात्र खेळाडूंना तो विषयच बंद करायला लावला, आणि पुढचे तिन्ही सामने ब्लूजने जिंकले. मला वाटतं या माणसाचं खरं कौशल्य हेच. तो चारही लाइन, म्हणजे एकत्र आत जाणाऱ्या खेळाडूंच्या तुकड्या, आलटूनपालटून सोडायचा, कोणासमोर कोण याचा फार घोळ घालायचा नाही. पक कोपऱ्यात टाका, जाऊन धडका द्या, पुन्हा टाका. असल्या खेळाला घरच्या प्रेक्षकांची गरज लागत नाही. उलट घरचे प्रेक्षक ५० वर्षांचं ओझं घेऊन बसलेले. एक पास चुकला की १८ हजार लोक एकदम उसासा टाकायचे. तो उसासा मी स्वतः ऐकलाय. त्यात कोणीही चांगलं खेळणं अवघड आहे.

अंतिम फेरी बॉस्टनशीच आली. पहिला सामना हरले, म्हणजे अंतिम फेरीत तोवर १३ पैकी १३ पराभव. दुसरा बरोबरीत असताना बचावपटू कार्ल गुनारसनचा फटका खांबाला लागून परतला होता. जादा वेळ सुरू होण्याआधी तो आणि बेरुबे मुतारीत शेजारी शेजारी उभे राहिले, आणि गुनारसन म्हणाला, मला फक्त आणखी एक संधी हवी आहे. ती मिळाली, त्याने गोल केला. ५२ वर्षांतला अंतिम फेरीतला ब्लूजचा पहिला विजय असा ठरला. ही गोष्ट बेरुबेंनी स्वतःच पत्रकारांना सांगितली.

३-२ अशी आघाडी घेऊन सहाव्या सामन्याला संघ घरी आला. कप इमारतीत येऊन बसलेला. सामन्याच्या आधीच एका स्थानिक वर्तमानपत्राच्या डिजिटल आवृत्तीत विजयाबद्दल चाहत्यांचे आभार मानणारं पान चुकून झळकलं. मुहूर्ताआधीच पेढे वाटले म्हणायचं. १-५ असे हरले.

सातवा सामना १२ जूनला बॉस्टनमध्ये. आमच्या भागातला कोणीही निराश नव्हता, कारण सामना परगावी होता! पहिल्या भागात बॉस्टनचे १२ फटके, ब्लूजचे फक्त ४. त्या चारांतले दोन गोल: एक रायन ओरायलीचा, दुसरा कर्णधार ॲलेक्स पिएट्रँजेलोचा, भाग संपायला ८ सेकंदही उरले नसताना. बाकी सगळं बिनिंग्टनने अडवलं. तिसऱ्या भागात त्याने पाय लांब करून पॅडवर घेतलेला एक फटका मी आजही अधूनमधून लावून बघतो. मग ब्रेडन शेनचा तिसरा. आणि चौथा झॅक सॅनफर्डचा. तोच, सरावात मारामारी केलेला. बॉस्टनच्याच परिसरात जन्मलेला, बॉस्टन कॉलेजकडून खेळलेला. अंतिम फेरीच्या पहिल्या दोन सामन्यांत तर त्याला संघात जागाही नव्हती.

४-१. आमच्याकडे रात्रीचे पावणेदहा होऊन गेले होते. सांगलीत सव्वाआठ. मी व्हिडिओ कॉल लावला. बाबा अंगणात पेपर घेऊन बसले होते. बाहेर फटाके, हॉर्न, शेजारी हिरवळीवर गुडघे टेकून बसलेले, ते मी फोन फिरवून दाखवलं. बाबांना त्यात रस नव्हता.

"ते भांडलेलं पोरगं खेळलं का?"

"चौथा गोल त्यानेच मारला, बाबा."

त्यांनी चष्मा काढून लुंगीला पुसला. मग विचारलं, "आणि ज्याच्याशी भांडला तो आला का त्याच्या गळ्यात पडायला?"

मी टीव्हीकडे वळून बघितलं. बर्फावर निळ्या-पांढऱ्या शर्टांचा ढीग झाला होता, हातमोजे आणि हेल्मेटं इकडेतिकडे पडलेली, आणि त्यात कोण कोणाच्या अंगावर होतं हे काही केल्या ओळखू येत नव्हतं.