जिवाणूंचा साबण

प्रश्न : तेल सांडलेल्या मातीत तेल खाणारे जिवाणू सोडले की झालं ना? मग त्यांचा ‘साबण’ वेगळा कशाला?

उत्तर : तेल पाण्यात मिसळत नाही आणि जिवाणू राहतात पाण्यात, घास समोर असून तोंडाशी येत नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू त्यासाठी रॅम्नोलिपिड नावाचा साबणासारखा पदार्थ स्रवतो. पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून ३० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास उतरतो, तेलाचे बारीक थेंब होतात. प्रयोगशाळेत मी बशीत पाणी, त्यावर तेलाचा तवंग घेते आणि मधोमध कल्चरचा (हे जिवाणू वाढवलेल्या द्रवाचा) एक थेंब सोडते. तवंग झटकन कडेला पळतो. (विद्यार्थ्यांपेक्षा मलाच जास्त मजा वाटते!) मातीला चिकटलेलं एंडोसल्फानसारखं कीटकनाशकही या साबणाने सुटतं, पण ते खाणारे जिवाणू तिथे नसतील तर विष भूजलात जायची भीती. शिवाय या स्यूडोमोनासचा माणसाला संसर्ग होऊ शकतो, म्हणून जिवाणू ओतण्यापेक्षा शुद्ध केलेलं रॅम्नोलिपिड बरं.