डाएटेटिक्सच्या पदवीला जायचंय, पण रसायनशास्त्र कच्चं आहे. तयारी कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की शाळेचं शेवटचं वर्ष सुरू आहे, आहाराविषयी मिळेल ते वाचता, घरात कोणी काय खावं हेही तुम्हालाच विचारतात. पण रसायनशास्त्राची धास्ती आहे. ही पदवी झेपेल का आणि प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी कशी करावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी रुग्णालयात डाएटिशियन आहे आणि पदवीचे विद्यार्थी प्रशिक्षणाला येतात तेव्हा त्यांना वॉर्डात शिकवण्याचं कामही माझ्याकडे असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झेपेल. पण रसायनशास्त्राला वळसा घालून नाही. पहिल्या दोन वर्षांत जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र यांचाच भरणा असतो, आणि आहाराचा छंद म्हणून आलेली मुलं तिथेच गळपटतात. त्यांना वाटतं, डाएट चार्ट कधी शिकवणार? चार्ट हा सगळ्यात शेवटचा भाग आहे. त्यातली प्रत्येक ओळ का लिहिली, हे सांगता यायला हवं, आणि ते 'का' रसायनशास्त्रात असतं.

एक उदाहरण देते. कितीतरी दिवस पोटात जवळजवळ काहीच न गेलेला माणूस दाखल होतो. नातेवाईक कळवळून म्हणतात, आधी याला पोटभर खायला घाला. धोका नेमका इथेच असतो. उपाशी शरीर साठवलेल्या चरबीवर चाललेलं असतं. त्याला एकदम भरपूर कर्बोदकं मिळाली की इन्सुलिन वाढतं आणि ग्लुकोजच्या जोडीने फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमही रक्तातून पेशींत जातात. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. जीवही जाऊ शकतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून जास्त धोका असलेल्या रुग्णाला सुरुवातीला दिवसाला वजनाच्या किलोमागे १० किलोकॅलरीपेक्षा जास्त देत नाहीत. फारच खालावलेला असेल तर ५ वरच सुरू करतात. त्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी१) देतात आणि मग रक्ताचे रिपोर्ट बघत बघत वाढवत नेतात. ५० किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी फार तर ५०० किलोकॅलरी! हा आकडा ऐकून घरच्यांचे चेहरे उतरतात. त्यांच्याशेजारी बसून, न चिडता, असं का करतोय ते समजावणं हेही आपलंच काम. ज्याला फॉस्फेटचं कळलेलं नसतं त्याला ते समजावता येत नाही. तो 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून मोकळा होतो.

तेव्हा रसायनशास्त्राचं पुस्तक पहिल्या पानापासून पाठ करत बसू नका. मोल आणि मिलिमोल (पदार्थातल्या कणांची संख्या मोजण्याची एककं), आम्ल-अल्कली, द्रावणाची संहती, परासरण, कार्बनी संयुगांचे मुख्य गट, एन्झाइम कसं काम करतं, एवढं पक्कं करा. एककं बदलण्याचा सराव तर रोज करा. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यात वजनाने सुमारे ४० टक्के सोडियम असतं. म्हणजे ५ ग्रॅम मिठात जवळपास २ ग्रॅम सोडियम. एका मिलिमोल सोडियमचं वजन २३ मिलिग्रॅम, पोटॅशियमचं ३९. आता कुठल्याही पाकिटावरचं लेबल घ्या आणि एका वाढणीत किती मिलिमोल सोडियम आहे ते काढा. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा आहार ठरवताना हेच करावं लागतं. पुस्तकातलं गणित आणि हातातलं पाकीट एकत्र आलं की धास्ती बरीच कमी होते, हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दुसरी तयारी अभ्यासाच्या टेबलापासून दूरची आहे. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला विनंती करा आणि त्यांच्या तीन दिवसांच्या खाण्याची नोंद ठेवा, त्यात एक सुट्टीचा दिवस धरा. प्रत्येक पदार्थ वजनकाट्यावर मोजा, ताटात उरलेलंही मोजा. मग कर्बोदकं आणि प्रथिनांचे ग्रॅममागे ४, स्निग्धांशाचे ९ किलोकॅलरी धरून हिशेब करा. आकडेमोड सोपी आहे. अवघड काय, ते दुसऱ्या दिवशी समजेल: समोरचा माणूस तुमच्यासमोर कमी खायला लागतो, चहातली साखर सांगायची विसरतो, मधल्या वेळचं तोंडात टाकलेलं त्याला खाणं वाटतच नाही. यात खोटेपणा नसतो. खाण्याबद्दल कोणी विचारलं की माणसाला परीक्षा दिल्यासारखं वाटतं. ती भीती वाटू नये असा प्रश्न कसा विचारायचा, हे शोधायला लागा. 'नाश्ता करता का?' असं विचारलं की लोक 'हो' म्हणून मोकळे होतात. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा' म्हटलं की खरं बाहेर येतं.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष अनुभव, आणि माझ्या मते निवडीत याचंच वजन सगळ्यात जास्त पडायला हवं. डाएटिशियनबरोबर दिवसभर राहायला मिळालं तर उत्तमच, पण रुग्णाच्या गुप्ततेमुळे बऱ्याच ठिकाणी परवानगी मिळत नाही. अडून बसू नका. वृद्धाश्रमात जेवणाच्या वेळी मदतीला जा, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात किंवा मोठ्या कँटीनमध्ये काम मिळतंय का पाहा. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला भरवताना जे कळतं ते कुठल्याही व्याख्यानात नाही. अशा रुग्णांचं खाणंपिणं किती पातळ, किती घट्ट हे ठरवायला आयडीडीएसआय नावाची ० ते ७ पातळ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्यातली द्रवाची चाचणी बघण्यासारखी असते. १० मिलिलिटरच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून ती भरायची, बोट काढायचं, १० सेकंद वाहू द्यायचं, आणि पुन्हा बोट लावून किती उरलं ते बघायचं. ४ ते ८ मिलिलिटर उरलं तर पातळी २. साधं पाणी सगळं वाहून जातं, म्हणून ते पातळी ०. ज्याला पातळी २ सांगितलंय त्याला घाईत साधं पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. या सिरिंजपाशी उभं राहिलेला विद्यार्थी मुलाखतीत वेगळंच बोलतो.

मुलाखत आणि अर्जासोबतचं निवेदन यांचं फार ओझं घेऊ नका. 'मला लहानपणापासून आरोग्यदायी खाण्याची आवड आहे' हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं, ते गाळा. त्याऐवजी पाहिलेला एक प्रसंग लिहा आणि त्यावरून काय प्रश्न पडला ते लिहा. मुलाखतीत डाएटिशियनचा दिवस कसा असतो, रुग्णाने सल्ला धुडकावला तर काय कराल, डॉक्टर, नर्स आणि गिळण्याच्या तक्रारींचे थेरपिस्ट यांच्याशी तुमचं काम कसं जोडलेलं असतं, असे प्रश्न येतात. समाजमाध्यमावरचा एखादा दावा समोर ठेवून 'हे खरं कशावरून?' असंही विचारतात. तिथे लगेच हो किंवा नाही म्हणू नका. अभ्यास कोणावर केला, किती लोकांवर, तुलना कशाशी केली, असे प्रश्न तुम्हीच उपस्थित केलेत तर परीक्षकांना हवं ते मिळालं.

आणखी एक, हे मी आवर्जून लिहिते आहे. तुम्ही प्रश्नात ओझरतं म्हटलंय की स्वतःच्या प्रत्येक घासाचा हिशेब ठेवता. तसं असण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, पण जेवणाची भीती वाटत असेल, हिशेब चुकला की दिवस वाया गेल्यासारखा वाटत असेल, तर अर्जाच्या आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. या पदवीत वर्षानुवर्षं रोज कॅलरी, वजन, बीएमआय हेच समोर असतं. जी जखम बरी होत आली असेल ती त्याने पुन्हा उघडू शकते. मदत घेऊन, सावरून आलेली माणसं या व्यवसायात फार चांगलं काम करतात.

अभ्यासक्रम निवडताना नाव बघून फसू नका. 'न्यूट्रिशन'ची प्रत्येक पदवी तुम्हाला डाएटिशियन करत नाही. अनेक देशांत डाएटिशियन ही उपाधी कायद्याने राखीव आहे आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रम व प्रत्यक्ष प्रशिक्षण झाल्याशिवाय ती लावता येत नाही. डाएटेटिक संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने किमान पात्रता म्हणून पदवी आणि देखरेखीखालचं ५०० तासांचं प्रशिक्षण धरलं आहे. कित्येक ठिकाणी अपेक्षा यापेक्षा बरीच जास्त असते. अमेरिकेत २०२४ पासून नोंदणीच्या परीक्षेला बसायलाच पदव्युत्तर पदवी लागते. म्हणून विद्यापीठाला स्पष्ट विचारा: या पदवीनंतर नोंदणी मिळते का, प्रशिक्षणाची जागा तुम्ही देता की आम्हीच शोधायची, आणि मागच्या तुकडीतल्या किती जणांना ती वेळेत मिळाली? तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

यंदा रसायनशास्त्राच्या गुणांमुळे प्रवेश हुकलाच, तरी वाट बंद होत नाही. जीवरसायनशास्त्र किंवा पोषणशास्त्राची पदवी करून नंतर डाएटेटिक्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, काही विद्यापीठं आधी एक पायाभूत वर्षही देतात. अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आधीच्या पदवीत कोणते विषय असावे लागतात ते मात्र आत्ताच बघून ठेवा. शरीरक्रियाशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र पुरेसं झालेलं नाही म्हणून तीन वर्षांनी अर्ज परत आलेली मुलं माझ्या ओळखीत आहेत.