वाचननोंदी सुरू करताना

वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी ठेवायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. सुरुवातीला थोड्याच गोष्टी सांभाळा.

सगळ्यात आधी, कथानक सांगत बसू नका. नवे लोक इथेच अडकतात: तीन पानं सारांश आणि शेवटी 'अप्रतिम, नक्की वाचा'. त्यात तुम्ही कुठेच नसता. कुठे थांबलात, कुठे कंटाळलात, कोणाचा राग आला, एवढंच लिहा, तेही पुस्तक संपेल त्याच दिवशी. पान क्रमांकाबरोबर आवृत्तीही टाका, नाहीतर दुसऱ्या प्रतीत ती ओळ सापडत नाही.

पुनर्वाचनाला छोटं पुस्तक घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी उत्तम: मेंढपाळांच्या वाडीत शाळा चालवायला आलेल्या तरुण मास्तराची गोष्ट. पहिल्या खेपेला आपण त्या मास्तराच्या मागे असतो. शाळा भरेल का, ही काळजी. दुसऱ्यांदा वाचताना शेवटचा दुष्काळ आधीच ठाऊक असतो. मग मेंढरांबद्दलचं, वाडीच्या म्होरक्या कारभाऱ्याबद्दलचं साधं वाक्यही जड होतं. ते कुठे झालं, तेच टिपा. मात्र,

- जुनी नोंद नवी लिहून झाल्यावरच उघडा, नाहीतर तेच मत पुन्हा उतरतं.
- जुनी खोडू नका. दोन्ही तारखांसह राहू द्या.

नावाजलेलं पुस्तक आवडलं नाही तर तसंच लिहा, फक्त कारण द्या. अर्धवट सोडलेल्याचीही नोंद हवीच! तारे, गुण, समीक्षेची परिभाषा सध्या बाजूला ठेवा. नुकतंच संपवलेलं पुस्तक घ्या आणि आज रात्री पाच ओळी लिहा.