तुमचे प्रश्न : रात्रीचा खोकला, पहाटेचा वॉक आणि खिडकी नेमकी कधी उघडायची

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कासारवडवलीला चौथ्या मजल्यावर राहतो. बेडरूमची खिडकी घोडबंदर रोडकडे आणि समोर टॉवरचं काम चालू. मुलगा सात वर्षांचा आहे, दिवाळी झाली की रात्रीचा खोकला सुरू होतो तो पार होळीपर्यंत. डॉक्टरांनी दमा सांगून पंप दिलाय पण सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागली की सुटत नाही. मोबाईलवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा, एक्यूआय, १३० दाखवतो, म्हणजे मध्यम, मग एवढा त्रास का? मिस्टर एअर प्युरिफायर घेऊ म्हणतायत, घ्यावा का?
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, आधी पंपाचं बोलू, कारण या एका गैरसमजापायी मुलांचे फार हाल होतात. पंपाची सवय लागत नाही. गोळी पोटातून रक्तात जाऊन सगळ्या अंगभर फिरते म्हणून तिचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो, पंपाचं औषध थेट श्वासनळीत पोचतं म्हणून मायक्रोग्रॅममध्येच काम होतं. या वयात स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या नाहीतर बरंचसं औषध घशातच बसतं, आणि नंतर चूळ भरायला लावा. खोकला थांबला म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. सासूबाईंना पुढच्या व्हिजिटला सोबत न्या, त्या नातवाच्या काळजीनेच बोलतायत, समोर बसून डॉक्टरांना विचारलं की बऱ्याचदा पटतं.

आता एक्यूआय. १०१ ते २०० हा जो पट्टा आहे त्यात दमेकऱ्यांना, लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना त्रास होऊ शकतो असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यातच लिहिलंय. शिवाय तो आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात आणि मोजणारं स्टेशन जिथे असेल तिथला असतो, तुमच्या खिडकीखाली सकाळी मिक्सरचे ट्रक इंजिन चालू ठेवून उभे असतात तेव्हाची हवा त्यात कुठून दिसणार? पीएम २.५ म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे, ते नाकात अडकत नाहीत, पार फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची २४ तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमवर आणली, आपल्याकडे ती अजून ६० आहे. त्यात मुलं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढतायत.

थंडीतच का, तर पावसाळ्यात हवा धुतली जाते, थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर गरम हवेचा थर बसतो, वारा पडतो आणि सगळा धूर-धुरळा खालीच कोंडतो. म्हणून रस्त्याकडची खिडकी पहाटेपासून नऊ-दहापर्यंत आणि संध्याकाळी ट्रॅफिक वाढला की बंद ठेवा, दुपारी १२ ते ४ मात्र उघडा. मागे डोंगराच्या बाजूला खोली असेल तर मुलाला तिकडे झोपवा. खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की जी राखाडी धूळ येते ना, सिमेंटसारखी, ती झाडूने झाडली की परत हवेतच उडते, ओल्या फडक्याने पुसा. आणि मच्छरची कॉइल आजपासून बंद, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे पीएम २.५ निघतात असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलंय. मच्छरदाणी लावा.

प्युरिफायर हे सगळं झाल्यावर, परवडत असेल तर घ्या. हेपा फिल्टरचाच (बारीक कण अडवणारा) घ्या, मुलाच्या खोलीच्या मापाचा, आणि फिल्टर बदलायचा खर्च आधीच धरा. ओझोन सोडणारं मशीन कोणी कितीही गळ्यात मारलं तरी नको, ओझोन दम्याला वाईट.

पण ताई, माझं ऐकाल तर त्याच्याही आधी समोरच्या साइटचं बघा. हिरवं कापड, पत्रे, पाणी मारणं, ट्रकवर ताडपत्री, बाहेर पडताना चाकं धुणं, हे सगळं काम करणाऱ्यानेच करायचं असतं. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर सगळ्यांच्या सह्यांनिशी महापालिकेच्या प्रदूषण नियंत्रण विभागाला द्या. प्युरिफायरने एक खोली साफ होईल, तिथे रोज पाणी मारलं गेलं तर खालचा रस्ता, स्कूलबसचा स्टॉप, सगळ्याच मुलांची हवा सुधारेल.

प्रश्न : वय ६८, बायपास झालेली आहे. रोज पहाटे साडेपाचला पाम बीच रोडने चालतो. मुलगी म्हणते थंडीत जाऊ नका. पहाटेची हवा तर सगळ्यात शुद्ध ना?
— एक वाचक, वाशी

उत्तर : काका, थंडीत नाही. वर लिहिलं तसा थर ऊन चढेपर्यंत हलत नाही, आणि ते जे छान धुकं वाटतं त्यात बराच धूर असतो. हे बारीक कण रक्तापर्यंत पोचतात आणि हृदयविकार असलेल्यांना झटक्याचा धोका वाढतो, त्यात गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात. मुलीचं ऐका पण चालणं सोडू नका हां. दुपारी चार ते संध्याकाळी साडेपाचच्या दरम्यान सेक्टरमधल्या बागेत चाला, मोठ्या रस्त्याच्या कडेने नको. रुमालाने हे कण अडत नाहीत, लागलाच तर घट्ट बसणारा एन-९५ मास्क, आणि त्याने कोंडल्यासारखं झालं तर काढून घरी परत या. चालताना छातीत जड वाटलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : खारघरला रात्री अकरानंतर केमिकलचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. अ‍ॅपवर मात्र हवा चांगली दाखवते. तक्रार करायची तर काय सांगून करायची?
— एक गृहिणी, खारघर

उत्तर : अ‍ॅप खोटं बोलत नाहीये. आपल्या एक्यूआयमध्ये पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं एवढेच आठ घटक येतात, कारखान्यांचे वास मारणारे कितीतरी वायू त्यात मोजलेच जात नाहीत. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो, त्यामुळे पूर्वेकडच्या कारखान्यांतला वास तुमच्यापर्यंत येऊ शकतो. नुसतं वास येतो म्हणून फोन केला तर माणूस पोचेपर्यंत वास गेलेला असतो, म्हणून एक वही ठेवा : तारीख, किती ते किती वाजता, वास कशासारखा (सडक्या अंड्यासारखा, नेलपॉलिशसारखा), वारा कुठून. दोन-तीन बिल्डिंगच्या लोकांनी वेगवेगळं लिहिलं आणि वेळा जुळल्या तर उत्तमच. ती पानं जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नवी मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्याच. हेपा फिल्टरने वायू अडत नाहीत, तेव्हा वासासाठी म्हणून साधा प्युरिफायर घेऊ नका. एखाद्या रात्री मळमळलं किंवा दम लागला तर डॉक्टरांकडे जा आणि केसपेपरवर तारखेसकट लिहून घ्या, त्याची झेरॉक्सही अर्जाला लावा.